मूल हरवू नये म्हणून मी केलेली योजना

जत्रेत मूल हरवणं हा भावनेचा नसून गणिताचा प्रश्न आहे, असं मी जत्रा समितीला लेखी कळवलं होतं.

मी बुऱ्हाणपुरातल्या एका शाळेत गणित शिकवतो. वर्गात ते कुणालाच नको असतं, म्हणून उरलेलं मी गावात वाटत फिरतो. तापीकाठच्या जत्रेत दरवर्षी काही मुलं चुकतात, माइकवर थोडा वेळ रडतात आणि सापडतात. बाकीचे लोक ‘चला, सापडलं’ म्हणून भज्यांकडे वळतात. मला मात्र कुतूहल वाटायचं, की मूल हरवतं ते नेमकं कोणत्या क्षणी? हात सुटतो तेव्हा, की सुटलाय हे कळतं तेव्हा? आणि आधी हात सोडतं कोण, मूल की मोठं माणूस?

अध्यक्षांनी हे सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “सर, तुमीच पाहून घ्या ना मग ये सब. हरवलेल्या पोरांचा तंबू तुमच्याकडे!”

मी अकरा पानांची योजना लिहिली. त्यातले मुख्य नियम तीन. हरवलेल्या मुलाने आहे तिथेच उभं राहायचं. पोलीस सोडून कुणाबरोबरही जायचं नाही. आणि तिसरा माझा खास शोध, परवलीचा शब्द! प्रत्येक कुटुंबाने घरी एक गुप्त शब्द ठरवायचा. न्यायला येणाऱ्याने तो सांगितला तरच मूल ताब्यात द्यायचं, नाहीतर नाही, मग तो कुणीही असो. (‘मग तो कुणीही असो’ हे मी लाल शाईने अधोरेखित केलं होतं. कुणी सांगितलं होतं?)

पहिला प्रयोग अर्थातच घरी. प्रयोगाला हजर : बायको माधुरी, आई आणि सहा वर्षांची जुई.

“शब्द ठेवू या ‘केळी’,” मी म्हणालो.

“अरे, बुऱ्हाणपुरात मिनिटाला दोनदा केळी म्हणतात लोकं!” आई म्हणाली. “कोणीबी घेऊन जाईल पोरीले.”

“मग ‘दराबा’?”

“जत्रेत दराबा मिठाईची चार दुकानं आहेत,” माधुरी म्हणाली. “ते दिवसभर तेच ओरडतात.”

“त्रिकोणमिती!”

जुईने तो शब्द तीनदा म्हणून पाहिला. प्रत्येक वेळी तो वेगळाच निघाला. शेवटी ती म्हणाली, “पप्पा, मी सांगू? हत्तीची चड्डी!”

मी कडाडून विरोध केला. एका शिक्षकाच्या घराला हे शोभतं का? पण मतदान झालं आणि तीन विरुद्ध एक मतांनी हत्तीची चड्डी निवडून आली. मी तोंड फिरवून बसलो. आता वाटतं, त्याऐवजी पाठ करत बसलो असतो तर बरं झालं असतं.

जत्रेच्या दिवशी माझी ड्यूटी पाचपासून होती. चारला आम्ही सगळे पोहोचलो. माधुरी आणि आई मोठ्या पाळण्याच्या रांगेत लागल्या. (आई सत्तरीची आहे, पण पाळणा दिसला की ती कुणाचं ऐकत नाही.) जुईला पाळण्याची भीती वाटते, म्हणून ती माझा हात धरून खाली उभी राहिली. आणि माझं लक्ष पाळण्याच्या मागे गेलं.

काय होतं मागे? एक जुनं डिझेल इंजिन, त्यावर पट्टा आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला चक्क ट्रॅक्टरचं चाक! एवढा थोरला पाळणा त्या चाकावर फिरत होता. आता गणिताचा मास्तर इथे पुढे कसा जाईल?

“काय हो, या चाकाचा व्यास किती?” मी इंजिनवाल्याला विचारलं.

“व्यास नाही पता साहब, टायर है ये.”

मी वाकून पाहिलं, वितीने मोजलं आणि पाळण्याचा वेग मनातल्या मनात काढला. उत्तर फार सुंदर आलं. मग ते जुईला सांगायला वळलो.

जुई नव्हती.

माझ्या हातात तिचा हात नव्हता. तो कधी सुटला, कुणी सोडला, मला आठवेना! मी घाईने बाहेर आलो, तर पाळण्याच्या भलत्याच बाजूला निघालो. समोर बांगड्यांची दुकानं आणि माणसंच माणसं. “जुई! जुई!” मी दिसेल त्या गर्दीत हाका मारत राहिलो. एका बाईंनी विचारलं, “फ्रॉक कोणत्या रंगाचा आहे हो भाऊ?” पिवळा? की पिवळा काल होता? तिच्या फ्रॉकचा रंग मला सांगता येईना. माधुरीला फोन लावला, पण ती पाळण्यात वर किंचाळत होती. फोन कुठला ऐकू येणार?

मी तंबूकडे धावत सुटलो. आणि तंबूत, माझ्याच खुर्चीवर, पाय हलवत, बिस्किट खात जुई बसली होती! फ्रॉक निळा होता.

मला रडूच आलं. मी हात पसरून पुढे झालो, तर मधे तंबूवर नेमलेल्या पोलीसबाई उभ्या राहिल्या.

“रुको सर. पहले शब्द सांगा.”

“अहो, मी बाप आहे हिचा!”

“सब येईच बोलतात सर. पान चारवर लाल अक्षरात लिहिलंय, मग तो कुणीही असो.”

“ते मीच लिहिलंय!”

“मग तर तुम्हाले पाठच असेल.”

मी आशेने जुईकडे पाहिलं. “जुई, सांग ना यांना, मी कोण ते!”

जुईने मला नीट न्याहाळलं. “पप्पांसारखे दिसतात,” ती म्हणाली, “पण आधी शब्द.”

आणि डोकं कोरं! “केळी!” मी म्हणालो. जुईने मान हलवली. “दराबा! त्रिकोणमिती!” पुन्हा नाही. एवढं आठवत होतं, की एक जनावर होतं आणि एक कपडा होता. “उंटाचा सदरा! घोड्याची लुंगी! म्हशीचा... म्हशीचा पायजमा!” तंबूबाहेर गर्दी जमली. त्यात माझ्या नववीच्या वर्गातले निम्मे चेहरे. “सर, गाढवाचा कोट ट्राय करा!” मागून कुणीतरी सुचवलं. मी तेही म्हणून पाहिलं!

मग लक्षात आलं, की टेबलावरचा माइक चालूच आहे. म्हशीचा पायजमा तापीच्या दोन्ही काठांवर पोहोचला होता.

पाळण्यातल्या माधुरीपर्यंतही. ती उतरून धावत आली, मागून धापा टाकत आई. माधुरीने येताच दोन शब्द उच्चारले आणि जुईने तिच्या गळ्यात उडी मारली.

“अगं, हरवलीस कशी तू?” आईने तिला कुरवाळत विचारलं.

“मी कुठे हरवले आजी? मी तिथेच उभी होते. पप्पाच चाकाच्या मागे गेले, ते आलेच नाहीत. मग मी पोलीस मावशीला सांगितलं.”

माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं. हात आधी कोण सोडतं ते!

“आणि या सरांचं काय करायचं?” पोलीसबाईंनी विचारलं. “ये कुणाचे?”

“आमचेच आहेत,” जुई म्हणाली. “घेऊन जातो आम्ही.”

पोलीसबाईंनी खिशातून डायरी काढली, बराच वेळ काहीतरी लिहिलं आणि जुईला सही करायला सांगितलं. जुईने जीभ बाहेर काढून, मन लावून नाव लिहिलं. मी तिच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. वर लिहिलं होतं : ‘हरवलेली व्यक्ती : पुरुष, वय अंदाजे चाळीस, चष्मा, खूप घाबरलेला. स्वतःबद्दल नीट माहिती सांगू शकला नाही. मुलीच्या ताब्यात दिला.’