मोठ्याने विचार करणारा भाडेकरू

अख्ख्या रोह्यात चप्पल घालतानासुद्धा त्यामागचं कारण मोठ्याने सांगणारा माणूस एकच असेल, आणि तो नेमका वरसेला माझ्याच घरात, वरच्या खोलीत भाड्याने आला. मूळचा पेणजवळच्या जोह्याचा. घरी गणपतींचा कारखाना. पण या पठ्ठ्याला मूर्ती रंगवण्यापेक्षा मोबाइलमधली बटणं कुठे असावीत याचीच काळजी. धाटावला कंपनीत शिफ्ट करायची आणि उरलेल्या वेळात पुण्याच्या एका ॲप बनवणाऱ्या कंपनीतल्या डिझायनरच्या नोकरीसाठी इंटरव्ह्यूची तयारी. त्या इंटरव्ह्यूत म्हणे एक अडचण देतात, आणि ती सोडवताना डोक्यात काय चाललंय ते बोलत राहावं लागतं. "मनातल्या मनात इचार केलेला त्यांना चालत नाय, काकू!" म्हणून हा जिना उतरतानाही बोलायचा. "बादली डाव्या हातात घेतली, कारन कठडा उजवीकडं हाय." शेजारीण मला हळूच विचारून गेली, मुलगा बरा आहे ना म्हणून. म्हटलं, बरा कसला, चक्रम आहे! पण खरं सांगते, आमचे हे गेल्यापासून या घरात भांड्यांशिवाय कुणाचा आवाज नव्हता. त्याच्या बडबडीची मला सवय लागली. आणि नोकरी लागली की तो पुण्याला जाणार, हेही मला पक्कं ठाऊक होतं.

लोक कुठे अडतात ते बघायचं तर त्याला व्यसनच. एस.टी. स्टँडवर गाड्यांचा फलक वाचणाऱ्या म्हाताऱ्यांच्या मागे जाऊन उभा राहायचा. एका आजोबांनी पाकीटमार समजून त्याच्यावर छत्री उगारली होती. मोबाइलवर गॅस नोंदवतानाची माझी धडपड तो सिनेमा बघावा तशी बघायचा. माझा मुलगा फोनवर नेहमी म्हणतो, "आई, तुला नाही जमायचं, राहू दे." हा म्हणाला, "काकू, तुमी नाय चुकत. बटन चुकीच्या जागी हाय." मेल्याने एवढंच म्हटलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी त्याने मला साहेब केलं. मी चष्मा लावून खुर्चीत, तो खडू घेऊन दाराच्या फळीपाशी. "द्या अडचन." मला काय सुचणार, कपाळ! म्हटलं, "एका बाईची दुपार जाता जात नाही. काढ त्यावर काहीतरी." खडू फळीवर टेकला आणि तिथेच राहिला. पाणी पितानाही बोलणारा माणूस, पण गप्प. मग खडू ठेवून माझ्या खुर्चीशी येऊन बसला. "ह्याला ॲप नाय चालत, काकू."

"मग नापास!" मी दरडावलं. "उद्या तिथे असा गप्प बसलास तर बघ!"

नाही बसला. पुण्याहून होकाराचा फोन आला तेव्हा धडाधड जिना उतरून आला, आणि त्याच्याआधी मीच रडले. आनंदाने, असं त्याला सांगितलं. अर्धं खरं होतं ते. जोह्याला आईबापांच्या पाया पडून त्याने पेणहूनच पुढची गाडी धरली. अजून फोन करतो, पण घाईत असतो बिचारा.

परवा धाटावच्या कंपनीत नवा लागलेला एक मुलगा दारात आला. "मावशी, वरची खोली रिकामी हाय का?" चांगल्या घरचा वाटला, नम्र होता.

"नाय रे बाबा," मी म्हटलं. "राहतो वर आमचा एक जण."

त्याने वरच्या बंद खिडकीकडे एकदा बघितलं, आणि निघून गेला.