इंजिन हवा वढायलंय

“थांबा, बंद करू नका. बोलू द्या तिला,” असं म्हणत मिस्त्री चालू गाडीभोवती फेऱ्या घालायला लागायचे. एक फेरी डावीकडून, एक उजवीकडून. मान तिरपी, डोळे बारीक, आणि डावा हात छातीशी धरलेला, कारण त्या हाताचं मनगट वळत नसे. मग एकदम थांबून निकाल द्यायचे, “इंजिन हवा वढायलंय.”

मानवतला पाथरी रस्त्यावर त्यांचं गॅरेज होतं आणि त्याला लागून माझा फोटो स्टुडिओ. मध्ये फक्त पत्र्याची भिंत. त्यांच्याकडच्या जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांचा निळा धूर त्या पत्र्याच्या फटींतून थेट माझ्याकडे यायचा. पासपोर्ट फोटोला नीट बसवलेलं गिऱ्हाईक नेमकं त्याच वेळी डोळे चोळायचं. आमच्या गावातल्या कितीतरी लोकांच्या ओळखपत्रांवर रडवेले चेहरे आहेत, त्याला मिस्त्री जबाबदार आहेत. मी तणतणत भांडायला गेलो की ते म्हणायचे, “भाऊ, धुराला काय भ्यायचं? धूर न्हाई आला तर भ्यायचं.” मी आणखी चिडून परत यायचो.

काही माणसांच्या शेजारी बसलं की आपल्यालाच उगाच उठावंसं वाटतं. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. मिस्त्री तसे होते. चहा चालता चालता प्यायचे, जेवताना मध्येच उठून पान्हा उचलून बघायचे. बाबासाहेबांच्या तसबिरीला हार घालतानाही त्यांचा एक डोळा दाराशी उभ्या असलेल्या गाडीवर असायचा. सकाळचा “जय भीम” घालून ते पुढे निघून गेलेले असत आणि माझा “जय भीम” मागून त्यांच्या पाठीला लागत असे.

हवा ओढणं म्हणजे काय, हे मला त्यांच्यामुळेच कळलं. टू-स्ट्रोक इंजिनाला कार्बोरेटरमधून मोजकी हवा आणि तेल घातलेलं पेट्रोल मिळतं. कुठे पॅकिंग सुटलं, सील झिजलं, की तिथून चोरटी हवा आत शिरते आणि पेट्रोल अपुरं पडतं. मग रेस सोडली तरी इंजिन खाली येत नाही, तसंच किंचाळत राहतं. आत भट्टी पेटल्यासारखं तापतं, पिस्टन फुगून अडकतो आणि मागचं चाक धावत्या गाडीत जागच्या जागी जाम होतं. “मंग गाडी थांबती, पर माणूस थांबत न्हाई,” मिस्त्री सांगायचे आणि ते न वळणारं मनगट पुढे करायचे. तरुणपणी चुडाव्याच्या रस्त्यावर त्यांच्याच गाडीनं त्यांना तसं फेकलं होतं.

गळती शोधायची त्यांची रीत बघायला मी हातातलं गिऱ्हाईक सोडून जात असे. सायलेन्सरचं तोंड आणि प्लगचं भोक जुन्या ट्यूबच्या रबरानं बंद करायचे. कार्बोरेटरच्या जागी नळी लावून सायकलच्या पंपानं हळूच हवा भरायचे. मग वाटीत साबणाचा फेस करून दाढीच्या ब्रशनं इंजिनाला सगळीकडून फासायचे. जिथे बुडबुडा येईल तिथे चोर. आठ-आठ दिवस स्वतःची दाढी न करणारा हा माणूस इंजिनाची दाढी मात्र तब्येतीनं करायचा.

त्यांची मुलगी प्रज्ञा परभणीला एका खाजगी दवाखान्यात नर्स होती. शनिवारी एसटीनं यायची, पिशवी ठेवायची आणि गॅरेजात शिरायची. एका भंगारातल्या टू-स्ट्रोकला खोल खाचांचे जाड टायर आणि वर उचललेला सायलेन्सर लावून तिनं मातीत पळवायची गाडी बनवली होती, अर्थात बापाच्या मदतीनं. पेट्रोलमधलं तेल ती दवाखान्यातल्या सिरिंजनं मोजून घालायची. “गाडीला सुई द्यायलीस का?” मिस्त्री चिडवायचे. पण गावात कुणी काही बोललं, की पोरीच्या जातीला हे कशाला वगैरे, की ते असा काही पान्हा उचलायचे की बोलणारा चालू लागे.

राणीसावरगावजवळच्या माळावर अशा गाड्यांची शर्यत ठरली. प्रज्ञानं नाव दिलं. आणि त्याच सुमारास गाडी बिघडली. तापली की रेस सोडली तरी खाली येईना.

तो आठवडा मी विसरणार नाही. मिस्त्रींना ना धड बसवेना, ना उभं राहवेना. रोज इंजिन उतरवायचे, फेस फासायचे. बुडबुडा नाही. सील बदललं, कार्बोरेटरचं रबर बदललं, पुन्हा फेस. बुडबुडा नाही. गाडी चालू केली की थोड्या वेळानं पुन्हा तेच किंचाळणं. पत्र्याच्या भिंतीपलीकडून मला त्यांच्या चपलांचा आवाज ऐकू यायचा, इकडून तिकडे, तिकडून इकडे. माझंही कामात लक्ष लागेना. “अहो, बसा की जरा!” मी ओरडलो. “कसं बसू?” ते म्हणाले. “पोरगी बसनार हाय त्या गाडीवर.”

शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी प्रज्ञा आली. तिनं गाडी चालू केली, धुराकडे बघितलं, बंद केली. टाकीत बोट बुडवून ते दुसऱ्या बोटावर चोळलं. पुन्हा चोळलं.

“पप्पा, हे माझं माप न्हाई. तुमी वरून तेल टाकायलाव का?”

मिस्त्री फेरी घालता घालता थांबले. मी दारात उभा होतो, माझ्याकडे बघायला लागले, जणू मी काही मदत करणार होतो.

“थोडंसंच टाकलं,” ते म्हणाले. “तेल जास्ती आसलं की पिस्टन आडकत न्हाई.”

“जास्त तेल म्हंजे तेवढं पेट्रोल कमी. आजून तापंल ती. आन् हे समदं तेल खाली साचून फटीत बसलंय. थंड हाय तवर फट बंद, तापलं की उघडी. तुमाला बुडबुडा दिसंल कसा? हे तुमीच शिकवलंत मला.”

हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. दुसऱ्या कुणी असं तेल ओतलं असतं तर मिस्त्रींनी त्याला गॅरेजबाहेर काढलं असतं. पण ती एसटीत बसून परभणीला गेली की हा माणूस गुपचूप टाकीचं झाकण उघडून तिच्यासाठी थोडं तेल ओतत होता.

“भ्या वाटायलंय गं मला,” ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांचा तसा आवाज मी ऐकला नव्हता.

“मंग मला सांगायचं ना,” प्रज्ञा म्हणाली. “इंजिनाला काय सांगत बसलाव? तुमचा भरोसाच न्हाई माझ्यावर.”

“हाय. हाय की भरोसा.”

बापलेकींनी मिळून इंजिन पेट्रोलनं धुऊन लख्ख कोरडं केलं. फेस लावला. इंजिनाचे दोन भाग जिथे जुळतात तिथे, अगदी खाली, साबणाचा एक बारीकसा बुडबुडा फुगला, फुटला, पुन्हा फुगला. पॅकिंग नवीन कापून बसवलं. संध्याकाळी गाडी भरपूर तापवून प्रज्ञानं रेस सोडली आणि इंजिन गुमान खाली आलं. त्या क्षणी मला इतका आनंद झाला की मी तिथल्या सगळ्यांना चहा सांगितला, धुराचं भांडण विसरून.

दुसऱ्या दिवशी मी कॅमेरा घेऊन माळावर गेलो होतो. शर्यतीत प्रज्ञाचा नंबर मधेच कुठेतरी आला, पण गाडी शेवटपर्यंत नीट चालली. हेल्मेट काढत ती धावत आली, तोंडभर धूळ, आणि विचारलं, “पप्पा, बगितलं का? त्या वगळीच्या खड्ड्यावरून कशी काढली?”

“न्हाई बा,” मिस्त्री म्हणाले. “मी चहा प्यायला गेलतो.”

तिचा चेहरा पडला. परतीच्या वाटेवर ती टेम्पोत मागे गाडीजवळ बसली, पुढे आलीच नाही. मी तोंड उघडणार होतो, तर मिस्त्रींनी माझा गुडघा दाबला. “सांगू नका, भाऊ. तिला वाटंल, बापाचा आजून भरोसा न्हाई.” मला त्यांचा राग आला, पण त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं.

त्यानंतर प्रज्ञा बऱ्याच शर्यती पळाली. पण बापाला कधी “चला” म्हणाली नाही. तेही कधी “येतो” म्हणाले नाहीत.

गेल्या हिवाळ्यात मिस्त्री गेले. भरदुपारी छातीत कळ आली, रिक्षा दवाखान्यापर्यंत पोचलीच नाही. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर प्रज्ञा गॅरेज आवरायला आली. मी मदतीला गेलो. धूर नाही, आवाज नाही, चपलांची फरफट नाही. ती पान्हे पुसून पेटीत ठेवत होती.

“काका,” ती एकदम म्हणाली, “पप्पांनी मला पळताना एकदाबी बगितलं न्हाई.”

ज्याला कबूल केलं होतं तो माणूसच आता नव्हता. मी सांगून टाकलं. चहा वगैरे काही नाही. झेंडा पडला तसे मिस्त्री गर्दीच्या मागून पळत सुटले होते. ती पडलीच तर पहिल्या वळणावर, म्हणून आधी तिथे. ती सुखरूप पुढे गेली की दगडधोंड्यांतून, काट्यांतून आडवे धावत पुढच्या वळणावर. चप्पल तुटली, मग अनवाणी. तो अधू हात छातीशी, दुसऱ्या हातानं माणसं बाजूला सारत. मला कॅमेरा वर घ्यायचंही सुचलं नाही.

प्रज्ञाच्या हातातला पान्हा तसाच राहिला. तिनं विचारलं, “किती वळणं पळाले?”

“सगळी,” मी म्हणालो.