गाडी हवेवर की स्प्रिंगवर

आमच्या राघोभाऊजींनी, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांनी, त्र्याण्णव साली एक काळी विलायती गाडी घेतली तेव्हा ठाकुर्लीत सगळ्यांनी एकच अर्थ काढला. जमीन बिल्डरला गेली, आता अक्कलही गेली. मी तोंडावर काही बोलले नाही, मागून बोलले. जन्मभर मिठागरात राबलेला माणूस, पायात चप्पल घालणार ती लग्नाकार्याला, आणि दारात ही एवढी लांबलचक गाडी, कुठल्यातरी परदेशी साहेबाने वापरून टाकलेली. भाऊजींना ती चालवतासुद्धा येत नव्हती. चालवायला त्यांचा मुलगा मोरू.

गाडीला एक खोड होती. चाकांवर लोखंडी स्प्रिंगांऐवजी रबराचे फुगे होते, हवेने भरलेले. इंजिन चालू असलं की फुग्यांत हवा भरायची आणि गाडी अशी जायची की खड्डा कुठे आला नि कुठे गेला ते पोटातल्या पाण्यालाही कळायचं नाही. पण फुगे जुने झालेले. रात्रभर हवा निघून जायची आणि सकाळी बघावं तर गाडी अंगणात पोट टेकून बसलेली. मोरूला लाज वाटायची. मित्र विचारायचे, काय रे, म्हैस घेतलीस का?

भाऊजींना मात्र गाडी बसते याचाच आनंद. का, ते त्यांनी सांगितलं नाही. हा माणूस आपणहून बोलेल तर शपथ. पण घरातल्या माणसाला न सांगताही दिसतं.

माझी थोरली जाऊ आवडाबाय काही वर्षांपूर्वी विहिरीवर पडली आणि खुबा मोडून घेतला. हाड जुळलं, पण उजवा पाय उचलायचा बंद झाला. काठी घेऊन, पाय फरफटत घरात फिरायची, पण रिक्षाची पायरी नाही, एसटी नाही, काही नाही. पाट लावून झाला, विटा लावून झाल्या. पाय उचलतच नाही तर माणूस पाटावर तरी कसा चढणार? आणि आम्ही उचलून ठेवतो म्हटलं की बाई आगच व्हायची.

"मना उचलाची ती एकदाच," म्हणायची. "तवा मी काय बोलाची नय."

तिची एकच बहीण, बायजा. आंबिवलीला राहायची, डोळ्यांनी गेलेली, खाटेला खिळलेली. इथून आंबिवली ती काय, भाकरी बांधून निघालं तर भाकरी गरम असताना पोचावं. तरी खुबा मोडल्यापासून दोघींची गाठ नव्हती. आवडाबाय रडायची नाही. आंबिवलीकडे जाणाऱ्या कुणाच्याही हाती सुकट पाठवायची आणि तो परत आला की विचारून विचारून त्याचा जीव नकोसा करायची. बायजा काय बोलली, कशी बोलली, आवाज बसलाय का.

तर बसलेल्या गाडीचा उंबरा जमिनीलगत यायचा. आवडाबाय आधी पाठमोरी टेकायची, मग पाय आत सरकवायची, कुणाचा हात लागत नसे. मोरू इंजिन चालू करायचा आणि ती आत बसल्या बसल्या हळूहळू वर जायची, चेहरा अगदी सरपंचासारखा.

पहिल्यांदा आंबिवलीला निघाले ते कल्याणच्या अलीकडेच मागचा एक फुगा फाटला. गाडी ट्रॅक्टरला बांधून परत आणली. आवडाबाय आत बसलेली, पदर सावरून, आणि अख्खी ठाकुर्ली बघतेय. हसावं की रडावं कळेना. मी हसले.

कल्याणच्या सहदेव मेकॅनिकने गाडीखाली शिरून बघितलं. नवे फुगे परदेशातून मागवावे लागतील, म्हणाला, कधी येतील देवाला ठाऊक, आणि आपल्या रस्त्यांवर तेही फाटतील. त्यापेक्षा हवेचं सगळं काढून टाका, स्प्रिंगा घाला, मग गाडी जन्मात बसायची नाही. मोरू खूश. गाव खूश. भाऊजी तेवढे गाडीभोवती फेऱ्या मारत राहिले. हवा ठेवावी तर बायको बसेल पण गाडी पोचायची नाही. स्प्रिंगा घालाव्यात तर गाडी पोचेल पण बायको बसायची नाही.

तेवढ्यात निरोप आला की बायजाने अन्न सोडलंय. भाऊजींनी मोरूला सांगितलं, स्प्रिंगा घालून आण. आवडाबायने ऐकलं. सुकट निवडत होती, ती निवडत राहिली. माझं मात्र डोकं फिरलं. बायकोला घरी ठेवून रिकामी गाडी आंबिवलीला मिरवायला नेताय का, असं मी त्यांना सगळ्यांदेखत विचारलं. ते म्हणाले, थांब जरा.

स्प्रिंगा दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीच्या होत्या, त्यामुळे आमची गाडी आली ती आधीपेक्षा उंच. दुसऱ्या दिवशी भाऊजींनी कुदळ-फावडं घेतलं आणि अंगणातच खणायला सुरुवात केली. गाडी मावेल एवढा, एका बाजूने उतार काढलेला खड्डा. मिठागराचे बांध घातलेला हात, संध्याकाळपर्यंत काम झालं. सकाळी मोरूने गाडी आत उतरवली आणि उंबरा अंगणाला टेकला. आवडाबाय आली, खड्ड्याकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, आणि बसली.

भाऊजी आणि मीही बरोबर निघालो. रस्ताभर स्प्रिंगांनी आवडाबायची हाडं खिळखिळी केली. ती दर धक्क्याला मोरूला एवढंच म्हणायची, चालव. आंबिवलीला बायजाच्या दारात गाडी थांबली आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला की खड्डा तर ठाकुर्लीला राहिला, आता ही उतरणार कशी? भाऊजींनी शांतपणे डिकी उघडून कुदळ-फावडं काढलं आणि घरच्या कुणाला न विचारता त्यांच्या अंगणात खणायला लागले. खाली कडक मुरूम. कुदळ नुसती वाजत होती. दिवस मावळेपर्यंत काही होत नाही, हे मला दिसत होतं.

आतून आवाज आला, अगदी बारीक. "आवडे?"

"हां गो," आवडाबाय म्हणाली.

मग घरच्यांनी बायजाला खाटेसकट बाहेर आणलं आणि खाट गाडीच्या खिडकीला लावली. बायजाने हात आत घातला, बहिणीचं तोंड चाचपलं, कपाळापासून हनुवटीपर्यंत, आणि पुटपुटत काहीतरी सांगायला लागली. आवडाबाय खिडकीत वाकली. पलीकडे भाऊजींची कुदळ चालूच होती.

आवडाबायने मान वळवली नाही.

"अवं," ती म्हणाली, "खननं थांबवा. ही काय बोलते ता मना ऐकाला येत नय."

भाऊजी गुडघाभरही न झालेल्या खड्ड्याच्या काठावर, कुदळ मांडीवर घेऊन बसले. बायजा बोलत राहिली.