मारव्याचा अंतरा

माझे गुरुजी गेले त्याला अकरा वर्षं झाली, तरी माझ्या गाण्याच्या खोलीत ते अजून खाकरतात. मारवा रागातली त्यांची शेवटची बंदिश शिकवायला घेतली की पहिला भाग नीट पार पडतो, आणि अंतऱ्याचा पहिला शब्द उच्चारायच्या आत उजवीकडच्या भिंतीकडून तो आवाज येतो. शिष्य चुकीच्या जागी गेला की ते असेच खाकरत. मी थांबते. "मॅडम, काहून थांबल्या?" मुली विचारतात. मी पाणी पिते आणि पुढे जाते. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, पण चोराच्या मनात चांदणं असतं यावर आहे.

गुरुजी मोठे बंदिशकार. आज त्यांच्या रचना देशभर गातात, पण माणूस कामठीचा, यंत्रमागावर काम करणाऱ्याचा मुलगा. मागाच्या खटखटीत आपल्याला लय कळली, असं ते मुलाखत घ्यायला येणाऱ्यांना मुद्दाम सांगत. घराण्याची वंशावळ विचारणाऱ्यांचा त्यांना भारी राग होता.

शिकवायची रीत मात्र छळवादी. नवी बंदिश कागदावर उतरवायची नाही. आधी फक्त अस्ताई द्यायचे, म्हणजे पहिला अर्धा भाग. तो महिना महिना घोळवायचा आणि मगच अंतरा मिळायचा. "अस्ताई तुले आपली वाटली पाहिजे, मंग पुढचं," म्हणायचे. घाई केली की तीच अस्ताई आणखी पंधरा दिवस.

मारव्याची अस्ताई त्यांनी फक्त मला दिली होती. दिवेलागणीला एक बाई दार उघडं ठेवून बसली आहे, एवढाच तिचा अर्थ. एका सोमवारी म्हणाले, "अंतरा गुरुवारी देतो." बुधवारी सकाळी ते गेले.

वर्षभरानं त्यांच्या बंदिशींचं पुस्तक निघायचं ठरलं आणि स्वरलिपी लिहायचं काम माझ्याकडे आलं. अर्धी बंदिश छापायची मला लाज वाटली, असं मी स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे मला हाव सुटली होती. गुरुजींचा शेवटचा अंतरा हिलाच मिळाला, असं लोकांनी म्हणावं. मी बसून अंतरा केला आणि गुरुजींनी तो मंगळवारी रात्री फोनवर दिला, असं सांगितलं. प्रत्येक बंदिशीच्या शेवटी ते आपलं टोपणनाव घालत, तेही त्यात घातलं. आता दार लोटून घे, मी काही येत नाही, असं त्यात म्हटलं होतं.

मग काय, मेल्या म्हशीला मणभर दूध. कोणी लिहिलं, त्यांना मृत्यूची चाहूल लागली होती. कोणी म्हणालं, त्यांच्या सगळ्या कामात हा अंतरा श्रेष्ठ. ते वाचून मला सुख झालं, हेही कबूल करते.

काकूंनी, म्हणजे गुरुजींच्या पत्नीनं, तो अंतरा माझ्याच तोंडून ऐकला. त्या मौद्याकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. आपल्याला गाण्यातलं काही कळत नाही, असं नेहमी म्हणायच्या. ऐकून झाल्यावर त्या उठल्या आणि गुरुजींच्या गाण्याच्या खोलीला कुलूप लावलं. पुढं तानपुरेही देऊन टाकले. "त्यायनंच सांगतलं ना वं, दार लोटून घे म्हणून," एवढंच म्हणाल्या. खरं सांगायची ती वेळ होती. माझी जीभ रेटली नाही, आणि मग दहा वर्षं रेटली नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात काकू अंथरुणाला खिळल्या. एका दुपारी भेटायला गेले. त्यांनी घरघरणारा कूलर बंद करायला लावला आणि म्हणाल्या, "ते म्हण वं, मारव्यातलं."

मी अस्ताई म्हटली. अंतऱ्यापाशी थांबले. मग सगळं सांगून टाकलं. अंतरा माझा आहे, गुरुजींनी तो मला दिलाच नव्हता. सांगताना मी रडले. काकू हाकलून देतील नाहीतर माफ करतील, असं वाटत होतं. दोन्हीची तयारी होती.

"मंग मले म्हटला तोच खरा होता," काकू म्हणाल्या.

"कोणता, काकू?"

"मी पोळ्या लाटाले बसली का नवा अंतरा आधी मलेच म्हणून दाखवत. हा मंगळवारी म्हटला होता. पाठ झाला होता मले. मंग तुझ्याकडून दुसराच आयकला. मले वाटलं, रातीपर्यंत बदलला असंल. ते बदलतच राहत."

"काय होतं त्यात?"

"कोणीतरी येत होतं," त्या म्हणाल्या. "ती बाई दारात बसली राहते ना, तिच्याकडं कोणीतरी येत होतं."

त्यांनी डोळे मिटले. ओठ हलले. गळा बारीक झाला होता, पण सूर खरा होता. पहिला शब्द आला, दुसरा आला. तो माझा अंतरा होता. त्यांनी मान हलवली, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा तोच आला. तिसऱ्या वेळी त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"तू थोडी चूप राह वं. तुझाच आयकू येऊन राहिला मले."

मी काहीच म्हणत नव्हते.