मडगाव अजून एक गाडी दूर

वसतिगृहाच्या खोलीतल्या मंडळींनो, पुण्याहून मडगाव म्हणजे एका दिवस-रात्रीचा रस्ता, अशी बढाई मारून मी कॉलेज सोडून निघालो. आज संध्याकाळी तिथे माझ्या शांताची दुसऱ्याशी सोयरीक ठरणार. त्याआधी मला तिच्या वडिलांना गाठायचं होतं.

सकाळी पोर्तुगीज गोव्याच्या हद्दीवर, कॅसलरॉकला, जकातीसाठी सगळ्यांच्या पेट्या उघडल्या. शिपाई शांताच्या पत्रांचा गठ्ठा सोडू लागला. मी त्याचं मनगट धरलं.

"आत सोनं हाय काय?"

"पत्रं आहेत. हात लावू नकोस!"

"दाव की रे पोरा, गाडी सुटंल!" मागची म्हातारी ओरडली.

मी मनगट सोडलं नाही. गाडी सुटली. पुढची उद्या आहे.

आता न उघडलेला गठ्ठा घेऊन रुळांवरून चालतच घाट उतरतोय. खरं सांगा, तुम्ही ती पत्रं उघडू दिली असती?