पानांचा धूर

दिल्लीत करोल बागजवळच्या आमच्या कॉलनीत एक झाडूवाली रोज सकाळी वाळक्या पानांचा ढीग पेटवायची. मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि प्रदूषणाविरुद्ध काम करणाऱ्या मुलांच्या एका ग्रुपमध्ये होते. नोव्हेंबरातल्या एका सकाळी गॅलरीतून मी तिचा व्हिडिओ काढला आणि इन्स्टावर टाकला. दिवसभरात तो हजारो लोकांनी पाहिला. मला फार भारी वाटत होतं.

चौथ्या दिवशी धूर नव्हता, कारण बाई आलीच नव्हती. व्हिडिओत तिचा चेहरा स्पष्ट दिसत होता. तो पाहून सफाईच्या ठेकेदाराने तिला कामावरून काढलं होतं.

आई पोळ्या लाटत होती. मी सांगितलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, "आधी तिच्याशी बोलली होतीस?"

"नाही."

"मग आता जाऊन बोल."

मार्केटच्या मागे बस्तीत तिची खोली होती. तिने मला आत बोलावलं नाही. दारातच म्हणाली, "दीदी, कचरे की गाड़ी पत्ते लेती नहीं. ढेर दिखे तो ठेकेदार चिल्लाता है. आप ही बताओ, मैं कहाँ डालती?"

धुराबद्दल मी कितीतरी बोलले होते, पण पानांचं करायचं काय, हा विचारच कधी केला नव्हता.

व्हिडिओ मी काढून टाकला. माफीची पोस्ट लिहिली, ती फारशी कुणी वाचली नाही. मग आईने आपल्या महिला मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळं लिहिलं. तिथे एरवी हळदीकुंकवाची आमंत्रणं नि फुलांची चित्रं यायची. सरकारी नोकरीतून रिटायर झालेल्या एका काकूंनी कॉलनीच्या कमिटीला नीट मुद्देसूद अर्ज लिहून दिला. पार्कच्या कोपऱ्यात पानं कुजवायला दोन खड्डे झाले. आमचा मुलांचा ग्रुप रविवारी पानं गोळा करायला लागला. चार काकू आणि आई ठेकेदाराकडेही जाऊन आल्या.

महिनाभराने त्याने बाईला परत घेतलं, पण शेजारच्या गल्लीत. एकदा ती आपणहून खड्ड्यापाशी थांबली. आतला चिखल पाहून म्हणाली, "ऐसे नहीं सड़ेगा. बीच-बीच में सूखी मिट्टी डालो."

आम्ही तसंच करू लागलो आणि खत चांगलं व्हायला लागलं. ती दिसली की मी नमस्ते करते. कधी ती मान हलवते, कधी झाडत पुढे निघून जाते.