वर्षाच्या आतली सायकल

माय गेली त्याला अजून वर्ष व्हायचं आहे. वर्षाच्या आत घरात नवं काही आणायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज मी पाळतो आहे. चष्म्याची काडी मोडली, ती दोऱ्याने बांधून वाचतो, लिहितो. मुलगा म्हणतो, चष्मा म्हणजे काही लग्नाचा शालू नव्हे. त्याचं बरोबर असेल. पण वडील गेले त्या वर्षी या रिवाजातून मी एक वाट काढली होती, आणि ती आठवली की या वयातही कान तापतात.

तेव्हा मी मलकापूरच्या शाळेत मास्तर होतो. घर वडनेर भोलजीला. वडील होते तोवर मी मलकापुरात एका खोलीत राहत असे आणि शनिवारी घरी येत असे. ते गेले आणि घरात माय एकटी उरली. दिवस ती कसाही काढी, पण दिवेलागणीनंतर तिला घर खायला उठे. शेजारच्या काकू सांगत, ती रात्री अंथरूणच टाकत नाही, भिंतीला टेकून बसून राहते. नोकरी सोडली तर दोघांनी खायचं काय, आणि न सोडावी तर माय अशी. रोज पायी जाऊन येणं होण्यासारखं नव्हतं. मोटार कधी यायची, कधी नाही. सायकल असती तर मी रोज रात्री घरी राहू शकलो असतो.

मायने होकार दिला, पण म्हणाली, "जुनीच आणजो बाबू. वर्षाच्या आत नवं नको."

मी हो म्हटलं. पैसेही जुन्या गाडीपुरतेच होते.

सोबत मामा आले. मायचे हे भाऊ उंद्रीचे, शेतकरी. बहिणीची विचारपूस करायला ते दोन दिवसांसाठी आले होते. त्यांना सायकलीतलं काही कळत नव्हतं, पण बैलबाजारात त्यांच्यावाचून कोणाचं पान हलत नसे, तेव्हा खरेदी म्हटली की आपण हवेच असं ते धरून चालत. मला सायकल येत होती. मास्तरकीचं शिक्षण घेताना भाड्याच्या गाडीवर शिकलो होतो.

मलकापूरच्या बाजारात सायकलीचं एकच बरं दुकान होतं. दुकानदाराने माझ्या बेतातली जुनी गाडी बाहेर काढली. काळी, जाड, मागे लोखंडी कॅरिअर, सीटचं चामडं फाटलेलं. मामांनी टायर दाबून पाहिलं, कॅरिअरवर बसून पाहिलं आणि खूष झाले. "एक पोतं सरकीचं आरामात जाईन हिच्यावर."

मी मात्र दुकानाच्या कोपऱ्यात पाहत होतो. तिथे एक हिरवी गाडी उभी होती, अंगाने सडपातळ, चाकं बारीक, हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं. दांड्यावरचा खाकी कागदही अजून निघालेला नव्हता. कापसाच्या कुण्या जिनातल्या साहेबासाठी ती मुंबईहून मागवली होती. गाडी येईपर्यंत साहेबच बदलून गेला. पुढे ती कोणी घेईना. मागे कॅरिअर नाही, सामान कुठे बांधायचं? आणि ओणवं होऊन चालवायचं, म्हणजे लोक हसणार. दुकानदार म्हणाला, "मास्तर, जागा अडवून राह्यली. न्या, जुनीच्या भावात देतो."

मी ती एका हाताने उचलून पाहिली. अलगद उचलली गेली. मागचं चाक हाताने फिरवलं, तर ते फिरतच राहिलं, नुसता बारीक किर्रर्र आवाज. मग मी घंटी वाजवली. पुन्हा वाजवली.

"काऊन बे," मामा हळूच म्हणाले, "बापाचं तेरावं होऊन महिना नाही झाला, अन् घंट्या वाजवून राह्यला."

माझा हात टोपीकडे गेला. टोपीखाली डोक्यावर नुसते खुंट उगवले होते. त्या क्षणी दुकानातून निघून जावंसं वाटलं. पण दुसरा हात सीटवर होता आणि तो मी काढला नाही.

"ही पाह्यजे तुले?"

मी मान हलवली.

"पण ही नवी हाय. तुह्या मायले काय सांगशीन?"

मी खाली पाहिलं. मामांना माझी दया आली असावी. ते थोडा वेळ मिशी ओढत राहिले, मग म्हणाले, "मी घेतो. माह्या घरात कोणी मेलं नाही." पैसे माझेच होते, ते त्यांनी माझ्याकडून घेऊन दुकानदाराला दिले, गाडी हाताने धरून समोरच्या लिंबापर्यंत नेली आणि वळवून परत आणली. दोनदा पायडल त्यांच्या नडगीला लागलं.

"मास्तर," ते आल्यावर म्हणाले, "एक जुनी गाडी विकाची हाय. लय वापरली हाय म्या."

"लिंबापर्यंत," दुकानदार म्हणाला, "अन् ते बी पैदल."

तिघेही हसलो. वडील गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसलो तो असा, भर बाजारात, त्यांनाच चुकवून काही पळवल्यासारखा.

मामा बाजार करून मागून गाडीबैलाने येणार होते. मी एकटाच सायकलवर निघालो. त्या रस्त्याचं काय सांगू? दोन्ही बाजूंना वेचणीला आलेली कपाशी होती आणि वारा पाठीमागून होता. दांड्यावरचा कागद फडफडत होता. तो फाडून टाकायचं मनात आलं, पण फाडवेना.

दाराशी उतरलो तेव्हा माय उंबऱ्याशी आली होती. "मामाची आहे," मी म्हटलं, "वापरलेली."

शेजारच्या काकू त्यांच्या दारातून पाहत होत्या. "जुन्या गाडीले कागद राह्यते काय, मास्तर?" त्या हसत म्हणाल्या, आणि लगेच आत जाऊन हळदकुंकवाची कोयरी आणि नारळ घेऊन आल्या. मी म्हटलं, "काकू, आमच्या घरात वर्ष आहे."

"वर्ष घराले हाय, गाडीले नाही. लेकरू रोज सडकेनं जाईन. तशीच काय घरात घेता?"

त्या पुढे झाल्या तशी माय मागे सरली. कोणी तिला सरक म्हटलं नव्हतं. उंबऱ्यावरून ती ओसरीत गेली, ओसरीतून भिंतीच्या आड, आणि मग तिचा नुसता पदर दिसत राहिला. माझ्या लहानपणी घरात नवी गाडी आली, नवा बैल आला, की पुढे होऊन कुंकू लावायची ती माय. जुन्या वस्तूला कोणी ओवाळत नाही. जुनी आणली असती तर ती होती तिथेच, स्वतःच्या दारात उभी राहिली असती. नवं नको म्हणाली तेव्हा ती मला रिवाज सांगत नव्हती, एवढं मला तिथे, हातात हँडल धरून उभा असताना कळलं.

काकूंनी हँडलवर कुंकू लावलं, चाकाशी नारळ फोडला आणि खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवून गेल्या. मी धोतराच्या सोग्याने कुंकू पुसायला लागलो.

"पुसू नको," माय आतून म्हणाली. "कुंकू पुसू नये."

तिच्या कपाळाकडे पाहायला लागू नये म्हणून मी बराच वेळ सायकल भिंतीला टेकवत राहिलो. ती तशी केव्हाच नीट टेकलेली होती.

दुसऱ्या दिवसापासून मी मलकापूरला जाऊन येऊन करू लागलो. अंधार पडायच्या आत मी दारात असे. काही दिवसांनी काकूंनी सांगितलं की तुमची माय आता वेळेवर निजते. जे व्हायला हवं होतं ते झालं होतं. वळलेल्या हँडलवर ओणवा झालेला मास्तर पाहून रस्त्यावरची माणसं हसत, त्याचं मला काही वाटत नसे. मला सुख होत असे. शाळा सुटल्यापासून घर येईपर्यंतचा तेवढा वेळ मला वडील आठवत नसत, मायही आठवत नसे. गाव दिसू लागलं की मी वेग कमी करी, तोंडावरचं हसू आवरी आणि थकल्यासारखा उतरे.

"थकला काय रे?" माय विचारी.

"हो."

मग ती चुलीवर तेल कोमट करून आणी आणि माझ्या पोटऱ्यांना चोळत बसे. नको म्हटलं तर ऐकत नसे. एवढा रस्ता लेकरू आपल्यासाठी तुडवतं, असं ती काकूंना सांगे, आणि मी पाय पुढे करून, डोळे मिटून पडून राही.